१८ कोटींची जीन थेरपी आणि संपलेल्या कॅप्सूल

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाचा ९ वर्षांचा, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, तोही एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला, गाव चंद्रपूरकडचं, वर्षातून तीन-चार वेळा हाडं दुखून ॲडमिट करावं लागतं. त्यात तुमच्या वाचनात आलं की अमेरिकेत एकदाच द्यायची जीन थेरपी, म्हणजे पेशींतल्या जनुकातच बदल करणारा उपचार, निघालीय आणि तिची किंमत १८ कोटी. तुम्ही विचारलंय की वर्गणी काढून एवढे पैसे उभे करायच्या मागे लागू का. आणि त्याच्या खाली, जरा चिडूनच, की हे बायोटेक वगैरे सगळं पैसेवाल्यांसाठीच असतं का, आमच्यापर्यंत कधी पोचणार, आणि याला एथिकल कसं म्हणायचं.

पहिल्याचं उत्तर देऊन टाकते: नका लागू, निदान आत्ता तरी. दुसऱ्याला वेळ लागेल, चहा घेऊन बसा.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, पूर्व विदर्भात एकोणीस वर्षं सिकलसेलची लेकरं बघते. संशोधक नाही, कंपनीशी संबंध नाही. तुमच्या भाच्याची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल जे बोलेन ते अंदाजाने, शेवटचा शब्द त्याला तपासणाऱ्या डॉक्टरचा. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, पण त्यात एक गोष्ट कुठेच नाही आणि मला तीच आधी विचारायचीय. पोरगा हायड्रॉक्सियुरिया, सिकलसेलची रोजची कॅप्सूल, घेतो का? रोज घेतो? गेल्या सहा महिन्यांत किती दिवस चुकलं, आणि चुकलं ते कंटाळ्याने की मिळालं नाही म्हणून? हे का विचारतेय ते पुढे येईल.

आधी त्या १८ कोटींबद्दल. तुम्ही तिला 'इंजेक्शन' म्हटलंय, आणि त्यात तुमची चूक नाही, २०२१ मध्ये एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या जन्मजात आजाराच्या १६ कोटींच्या औषधासाठी मुंबई-पुण्यात लोकांनी वर्गण्या काढल्या तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात जीन थेरपी म्हणजे परदेशातून येणारी एक महागडी कुपी असंच बसलंय. सिकलसेलची तशी नाही. कॅसजेव्ही नावाची ही थेरपी, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मंजूर केली, तिथली किंमत २२ लाख डॉलर. २०२३ ची ती मंजुरी १२ वर्षांपासून पुढच्यांसाठी होती, आणि तुमचा भाचा ९ चा. यात करतात काय, तर पेशंटच्या रक्तातून रक्त बनवणाऱ्या मूळपेशी गोळा करतात, त्या कंपनीच्या लॅबमध्ये पाठवून क्रिस्परने, म्हणजे जनुक नेमक्या जागी कापायच्या तंत्राने, त्यांच्यात एक बदल करतात, यात काही महिने जातात. मग पेशी परत द्यायच्या आधी बुसल्फान नावाची केमोथेरपी देऊन पेशंटचा स्वतःचा बोनमॅरो, हाडातला रक्त बनवणारा मगज, रिकामा करतात, कारण जागा झाल्याशिवाय नवीन पेशी रुजत नाहीत. त्यानंतर कित्येक आठवडे वेगळ्या खोलीत, प्रतिकारशक्ती जवळपास शून्य. पुढे मूल न होण्याची शक्यता राहते ती वेगळी. म्हणजे उद्या कोणी ही थेरपी फुकट दिली तरी ती द्यायला बोनमॅरो ट्रान्सप्लांटचं युनिट लागतं, इरॅडिएट केलेलं, म्हणजे किरणांनी प्रक्रिया केलेलं, रक्त आणि प्लेटलेट लागतात, आणि आई-बापापैकी एकाला दोन-तीन महिने मजुरी सोडून शहरात राहावं लागतं. हे १८ कोटींच्या आकड्यात धरलेलंच नाही.

आता यातला मला सगळ्यात भारी वाटणारा भाग सांगते. सिकलसेलमध्ये बिघाड एका अक्षराचा असतो, हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, बस, एवढंच, आणि त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक नसांत अडकते. पण कॅसजेव्ही हे अक्षर दुरुस्त करतच नाही! ती काय करते, तर पोटातल्या बाळाचं जे हिमोग्लोबिन असतं, फीटल हिमोग्लोबिन, ते जन्मानंतर बंद करणारं एक बटण आहे, बीसीएल११ए, ते मूळपेशींमध्ये निकामी करते. मग बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं आणि पेशी वाकत नाहीत.

आणि हायड्रॉक्सियुरिया काय करतं? तेही मुख्यतः फीटल हिमोग्लोबिनच वाढवतं. रस्ता वेगळा आहे आणि परिणाम तेवढा जोरदार नाही, रोज घ्यावं लागतं, प्रत्येकाला सारखं लागू पडत नाही, हे सगळं मान्य. पण १८ कोटींची थेरपी आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला हवी ती कॅप्सूल, दोघींचा डाव एकच आहे. मोठ्या माणसांमध्ये दुखण्याचे अटॅक जवळपास निम्म्याने कमी होतात हे १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या ट्रायलने दाखवलं, पुढे लहान मुलांमध्येही फायदा दिसला. तीस वर्षं झाली. ही गोष्ट पेपरात येत नाही कारण यात बातमी नाही.

ही फीटल हिमोग्लोबिनची अक्कल माणसाला आली कुठून तेही बघा. १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन नावाच्या डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं की सिकलसेलच्या लेकरांना पहिले काही महिने त्रास नसतो, बहुतेक बाळाचं हिमोग्लोबिन त्यांना वाचवतं. पुढे सौदी अरेबियात आणि आपल्या ओडिशात असे पेशंट सापडले ज्यांच्यात मोठेपणीही हे हिमोग्लोबिन भरपूर होतं आणि आजार सौम्य होता, त्यांच्यावर सत्तर-ऐंशीच्या दशकांत अभ्यास झाले. म्हणजे आज जी थेरपी विकली जातेय, तिच्यामागची कल्पना ज्यांच्या रक्तातून बळावली त्यात आपल्याकडची माणसं होती. कोणी चोरी केली असं मी म्हणत नाही, विज्ञान असंच पुढे जातं. पण 'गरिबांना परवडत नाही, काय करणार' असं कोणी खांदे उडवून म्हटलं की मला हे आठवतं. तुमचा भाचा हक्काने मागतोय, उपकार नव्हे.

बरं, मग किंमत खाली येते कशी? नेहमी ऐकू येणारं उत्तर म्हणजे पेटंट मोडा. हे अर्धं खरं आहे. साध्या रासायनिक औषधांत ते चालतं आणि आपल्या देशाने ते करून दाखवलंय. २०१२ मध्ये किडनी-लिव्हरच्या कॅन्सरवरच्या नेक्साव्हारसाठी सक्तीचं लायसन्स दिलं, म्हणजे पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला ते बनवायची परवानगी, महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८०० वर आला. अगदी परवा, २०२५ मध्ये, एसएमएवरच्या रिसडिप्लॅमचा कोर्टात निकाल लागला आणि सहा लाखांच्या घरातली बाटली १५,९०० ला आली. पण हे रेणू आहेत, फॉर्म्युला कळला की दुसऱ्या कारखान्यात बनवता येतात. पेशींची थेरपी म्हणजे फॉर्म्युला नव्हे, ती प्रत्येक पेशंटसाठी वेगळी शिजवायची पंगत आहे, कागदावरची कृती मिळाली तरी आचारी, भांडी आणि स्वच्छ स्वयंपाकघर लागतंच. ते इथे उभं राहिलं तरच किंमत पडते.

आणि ते उभं राहू शकतं, हे आपल्या मुंबईत दिसलंय. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून केलेली नेक्सकार१९, रक्ताच्या कॅन्सरवरची कार-टी, म्हणजे पेशंटच्याच पेशी बदलून परत द्यायची थेरपी, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. परदेशात तीन-चार कोटी लागतात, इथे तीस-चाळीस लाखांच्या आसपास. दहावा हिस्सा! मला याचा खूप अभिमान आहे, आणि तरी माझ्या ओपीडीत बसून हिशोब केला की चाळीस लाख म्हणजे धानाची दोन एकर शेती असलेल्या माणसाला चार कोटींइतकेच अशक्य. महात्मा फुले योजनेचं नेहमीचं कव्हर ५ लाखांपर्यंत जातं. दहावा हिस्सा झाला म्हणून दार उघडलं असं होत नाही, फक्त दार दिसायला लागतं.

सिकलसेलवरही देशी काम चालू आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी जनुक-संशोधन संस्थेने स्वतःचं क्रिस्पर विकसित केलंय, बिरसा मुंडांच्या नावाने 'बिरसा १०१', नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिलंय. तो अजून दवाखान्यात मिळणारा उपचार नाही हे नीट लक्षात ठेवा, कारण या नावाखाली कोणीतरी तुम्हाला काहीतरी विकायला येईल, त्याबद्दल पुढे सांगते. पण तुमचा भाचा ९ वर्षांचा आहे. त्याच्या हातात वेळ आहे, बशर्ते तो वेळ त्याने धडधाकट काढला पाहिजे. प्लीहा, मेंदूच्या नसा, मांडीच्या खुब्याचं हाड, किडनी हे सगळं सांभाळून विशीत पोचलेला मुलगा त्या वेळी जी काही थेरपी असेल तिचा फायदा घेऊ शकेल. दहाव्या वर्षी पॅरालिसिसचा झटका येऊन गेला तर मग कितीही स्वस्त झालेली जीन थेरपी तो हात परत देणार नाही.

आता माझा मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं लिहितेय. किंमत उतरणं आणि लोकांपर्यंत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण बहुतेक वेळा पहिलीवरच भांडतो. हेपटायटिस बीची लस घ्या. बाहेरून यायची तेव्हा एका डोसला सातशे-आठशे रुपये. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बनवून ५० रुपयांच्या आसपास आणली. आपल्या बायोटेकची सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणून ती सांगतात आणि खरंच आहे. पण सरकारी लसीकरणात ती २००२ च्या सुमारास काही जिल्ह्यांत आली आणि सगळ्या देशातल्या बाळांसाठी लागू व्हायला २०११ उजाडलं. किंमत उतरल्यावर चौदा वर्षं. त्या चौदा वर्षांत जन्मलेली बाळं आता तरुण आहेत, त्यातली काही लिव्हरच्या ओपीडीत बसलेली असणार.

हायड्रॉक्सियुरियाचं तर विचारूच नका. औषध स्वस्त, पेटंटची भानगड नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे. मग अडतं कुठे? माझ्याकडची एक साडेतीन वर्षांची मुलगी, वजन १३ किलो. कॅप्सूल मिळते ५०० मिलिग्रॅमची, डोस वजनावर असतो, तिला एवढी द्यायचीच नाही. लहान मुलांसाठी पातळ औषध आमच्याकडे कधी आलंच नाही. मग आम्ही आईला शिकवतो, कॅप्सूल मोजलेल्या पाण्यात विरघळव, सिरिंजने एवढे एमएल ओढ, उरलेलं फेक, हात धू, पोटुशी बाई घरात असेल तर तिने हात लावू नये. ती माउली निरक्षर होती, तिने सिरिंजवर नखाने खूण करून घेतली आणि सहा महिने एक दिवस चुकवला नाही. मग एकदा आमच्याकडे स्टॉक संपला, वडिलांनी गावच्या मेडिकलमधून आणायला घेतलं, दुकानदार म्हणाला, "हे तं कॅन्सरचं औषध हाय, पोरीले कायले देता?" खोटं नाही बोलला तो, ब्लड कॅन्सरमध्येही वापरतात. पण बापाने घरी येऊन होत्या नव्हत्या त्या कॅप्सूल चुलीत टाकल्या. तीन महिन्यांनी मुलगी छातीत इन्फेक्शन घेऊन आली, ऑक्सिजन ८४. वाचली. तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत 'कॅन्सर' हा शब्द स्वतः उच्चारते, म्हणजे दुकानदाराला उच्चारायला काही उरत नाही.

यात कुठे बायोटेकचा दोष आहे? औषध होतं, स्वस्त होतं, काम करत होतं. तुटली ती साखळी: बालडोस, स्टॉक, आणि दहा मिनिटं बसून समजावणारं माणूस. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल मिशन सुरू झालं, १७ राज्यं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. तपासणी जोरात झाली, आणि ते चांगलंच आहे, नाव ठेवत नाही. पण तपासणी हा मोजता येणारा आकडा आहे, रोज रात्री गिळलेली कॅप्सूल कोणाच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. मला विचाराल तर मिशनचं यश किती लोक तपासले यावर न धरता किती पेशंटनी वर्षभर औषध घेतलं यावर धरावं. माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही, ते म्हणतात आधी पेशंट सापडू तर दे. त्यांचंही चूक नाही.

आता 'एथिकल' हा जो शब्द तुम्ही वापरलात त्यावर. लोकांना वाटतं नैतिकता म्हणजे सही घ्यायचा फॉर्म. माझी स्वतःची चूक सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका आश्रमशाळेत आम्ही तपासणी शिबिर घेतलं, दोनशेच्या वर मुलं, परवानगी रीतसर, पालकांच्या सह्या-अंगठे सगळं. रिपोर्ट आले, मी एका कागदावर यादी करून मुख्याध्यापकांना दिली, नाव आणि पुढे एए, एएस, एसएस. मला वाटलं काम चोख झालं. ती यादी कोणी तरी मोठ्याने वाचली. अकरावीतली एक मुलगी एएस होती, म्हणजे नुसती वाहक, ठणठणीत, तिला त्यामुळे सहसा काही त्रास होणार नव्हता. दीड वर्षाने तिचं ठरलेलं लग्न मोडलं, 'पोरीले सिकल हाय' म्हणून. आई माझ्याकडे आली, भांडायला नाही, नुसतं सांगायला. म्हणाली, "रक्त काढाले हो म्हटलं होतं बाई, नाव वाचाले नव्हतं म्हटलं."

त्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. तेव्हापासून रिपोर्ट बंद पाकिटात, एकेकाला बोलावून, आणि वाहक म्हणजे काय ते चित्र काढून. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची, एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचं रक्त पूर्ण नॉर्मल असेल तर सिकलचं आजारी मूल होत नाही. एवढं कळलं तर त्या मुलीचं लग्न मोडायचं काही कारणच नव्हतं, मुलाची तपासणी केली असती तर पुरलं असतं. आता तपासणीनंतर कार्डं देतात, लग्नाआधी जुळवून बघायला. उद्देश उत्तम. पण आमच्याकडे मुलीचं कार्ड मागतात आणि मुलाचं विचारत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघते. शिवाय हा फक्त आदिवासींचा आजार असं जे पसरलंय तेही चूक, विदर्भात अनुसूचित जातींमध्ये आणि काही ओबीसी समाजांमध्येही तो भरपूर आहे, आणि त्या गैरसमजामुळे कित्येकांची तपासणी होतच नाही.

परवानगी नीट न घेतल्याची किंमत किती मोठी असते याचं देशातलं उदाहरण एचपीव्ही लसीचं. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममला हॉस्टेलमधल्या मुलींच्या फॉर्मवर आई-बापांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले, चौकशीत ते बहुधा लसीमुळे नव्हते असंच निघालं, पण तोवर प्रकल्प थांबला, संसदेच्या समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चांगली लस आपल्याकडे कित्येक वर्षं संशयात अडकली. म्हणून मला 'एथिक्समुळे काम रखडतं' हे वाक्य ऐकवत नाही. इथे ते न पाळल्यामुळे रखडलं.

म्हणजे आत्तापर्यंतचं एवढं: थेरपी तुमच्या भाच्यासाठी आज नाहीये, किंमत देशात बनवूनच पडेल, आणि पडली तरी पोचवणारी माणसं आणि विश्वास नसेल तर ती कपाटातच राहील. आता तुमच्या हातात काय आहे ते.

भाच्याचं हायड्रॉक्सियुरिया चालू नसेल तर का नाही हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. वर्षात तीन-चार ॲडमिशन म्हणजे ते सुरू करायला बहुतेक वेळा पुरेसं कारण आहे. चालू असेल तर वजन वाढलं तसा डोस वाढवलाय का बघा, दोन वर्षांपूर्वीच्या वजनावरच डोस चालू असलेली मुलं मी दर महिन्याला बघते. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, वेळच्या वेळी व्हायला हवा, सुरुवातीला लवकर लवकर आणि मग दोन-तीन महिन्यांनी, कारण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. न्यूमोकोकलची लस झालीय का? आणि मेंदूच्या नसांची डॉपलर तपासणी, टीसीडी म्हणतात, वर्षातून एकदा, दोन ते सोळा वर्षांच्या एसएस मुलांना करायची असते. ती सगळीकडे होत नाही, कदाचित नागपूरला जावं लागेल, पण पॅरालिसिसचा धोका आधी सांगणारी मुख्य तपासणी तीच आहे. सिकलसेलच्या पेशंटला एसटीच्या साध्या बसचा प्रवास मोफत आहे, त्याचे कागद जिल्हा रुग्णालयातून करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज करा, टक्केवारी किती मिळेल ते त्रासावर अवलंबून.

ताप आला तर घरी थांबायचं नाही, हे एवढं एकच वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे. आणि चंद्रपूरचा उन्हाळा मी तुम्हाला काय सांगू, पाण्याची बाटली दप्तरात आणि वर्गात पाणी प्यायची, लघवीला जायची परवानगी, त्यासाठी मास्तरांना चिठ्ठी मी लिहून देते तशी तुमचे डॉक्टरही देतील.

सख्खा भाऊ किंवा बहीण आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर एचएलए, म्हणजे दात्याच्या पेशी जुळतात का ते सांगणारी तपासणी, करून बघायचं डॉक्टरांशी बोला. प्रत्येक भावंडामागे चारात एक शक्यता पूर्ण जुळण्याची, आणि जुळलं तर बोनमॅरो ट्रान्सप्लांट हा आजही आपल्या देशात उपलब्ध असलेला, आजार मुळापासून घालवणारा इलाज आहे. त्यातही केमो आहे, जोखीम आहे, लाखांत खर्च आहे. पण लाखांतला खर्च ट्रस्ट, मुख्यमंत्री सहायता निधी, वर्गणी असं मिळून उभा राहताना मी पाहिलाय. वर्गणीची ताकद लावायचीच असेल तर ती इथे लावा. आणि भावंड एएस असलं तरी दाता होऊ शकतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता त्या विकायला येणाऱ्यांबद्दल. 'स्टेम सेलने सिकल बरा करतो, आठ लाख, चार इंजेक्शनं' असं कोणी म्हटलं तर उठून या. खरी क्लिनिकल ट्रायल असेल तर ती सीटीआरआय या सरकारी रजिस्टरमध्ये नोंदलेली असते, नंबर मागायचा. ट्रायलमधल्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. पैसे मागितले तर ती ट्रायल नव्हे, दुकान आहे. उद्या देशी थेरपीची खरी ट्रायल तुमच्या भागात आली, आणि यावी असं मला मनापासून वाटतं, तर सही करण्याआधी विचारा: इजा झाली तर भरपाई कोण देणार (२०१९ च्या नियमांत ती तरतूद आहे), ट्रायल संपल्यावर आमच्या पोराकडे कोण आणि किती वर्षं बघणार, त्याचा डीएनए कुठे ठेवणार, आणि हे औषध यशस्वी झालं तर आमच्या तालुक्याला ते कोणत्या भावात मिळणार. शेवटचा प्रश्न विचारल्यावर लोक गडबडतात. तरी विचारा. दहा गावांनी विचारला तर उत्तर तयार ठेवावं लागेल.

तुम्ही लिहिलंत की गावात तुमच्या ओळखीतली सिकलची अजून सहा-सात घरं आहेत. मग एकट्याने १८ कोटींच्या मागे धावण्यापेक्षा या सगळ्या घरांनी मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात अर्ज द्यावा की हायड्रॉक्सियुरियाचा तीन महिन्यांचा साठा कायम असावा, आणि संपला तर लेखी कळवावं. हे ऐकायला फार किरकोळ वाटतं, मला माहितेय. पण आमच्याकडे एका गावाने असंच केलं होतं, दर महिन्याच्या एक तारखेला एक जण जाऊन औषधाचं कपाट बघून यायचा, फार्मासिस्टला आधी राग आला, मग तोच फोन करून सांगायला लागला की साठा उतरतोय, वर कळवा.

भाच्याचं आत्ताचं वजन, रोजचा डोस, शेवटचा सीबीसी, आणि पहिल्यांदा निदान झालं तेव्हाचा एचपीएलसी रिपोर्ट (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारा), त्यात एचबीएफ, म्हणजे फीटल हिमोग्लोबिन, किती टक्के लिहिलंय ते, एवढं कळवा. नाव-गाव नको. टीसीडी कधी झाली होती तेही लिहा, आणि झालीच नसेल तर तसं लिहा, रागावणार नाही.